न निजणाऱ्या बाळाची बखर

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली यच्चयावत माणसे डोळे चोळीत उठतात आणि घरातले सर्वांत लहान माणूस नेमके त्याच वेळी गाढ झोपी जाते. रात्री बारा, दोन आणि साडेतीन असे तीन वेळा ज्याने आईला उठून बसायला लावले, पलीकडच्या खोलीतल्या आजोबांची झोपमोड केली, तेच बाळ आता फटाक्यांच्या आवाजातही मुठी मिटून, एखाद्या कृतकृत्य माणसासारखे निजलेले असते. उटणे कालवून झालेले असते, पाणी तापलेले असते, पहिल्या दिवाळीचे अंगडे-टोपडे पाटावर काढून ठेवलेले असते. एखादी उत्साही आत्या म्हणते, "उठवा बाई आता त्याला!" आणि आजी म्हणते, "निजलेल्या बाळाला उठवू नये."

आजीला कदाचित ठाऊक नसेल, पण तिच्या या हुकमाला मोठा आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाळाला कसे हाताळावे हे सांगताना, त्याला एकाएकी जागे करू नये, ते दचकते, असे स्वच्छ सांगितले आहे. निजलेल्या बाळाविषयी आजी आणि आचार्य यांचे असे पूर्ण एकमत आहे. वाद आहे तो न निजणाऱ्या बाळाविषयी. त्याचे काय करावे, ते का निजत नाही, कालपर्यंत निजत होते ते आजच काय झाले, या प्रश्नांवर माजघरापासून प्रयोगशाळेपर्यंत शेकडो वर्षे खल चालू आहे. त्या खलाची ही छोटीशी बखर.

*

सदाशिव पेठ वसली पेशव्यांच्या अमदानीत, आणि तिला नाव मिळाले सदाशिवरावभाऊंचे. पेठेतल्या जुन्या वाड्यांत चौकाच्या चारी बाजूंना बिऱ्हाडे असत. रात्री एखाद्या बिऱ्हाडातले मूल रडू लागले, की ते रडणे आधी चौकात उतरे आणि मग चारी सोपे चढे. सगळा वाडा कूस बदले. सकाळी नळावर त्याची चर्चा होई. "दूध पुरत नसेल." "तिने काल वांगे खाल्ले, मी पाहिले ना!" "तिन्हीसांजेला अंगणात घेऊन बसली होती, दृष्ट लागायला काय उशीर?" "पहिलटकरीण ती, तिला धरताच येत नाही नीट." सल्ले चार, बायका चार, पण नीट ऐकले तर चारही सल्ल्यांचे बोट एकाच बाईकडे असे. मूल निजले नाही, की अपराध आईचा.

आता पेठेतले बहुतेक वाडे गेले आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. नळावरची चर्चा संपली. रात्री तीन वाजता खिडकीशी बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालणाऱ्या आईला आज समोरच्या बिऱ्हाडाचे नावही दारावरच्या पाटीवरूनच कळते. पण पाटी गेली नाही तसा तो जुना आरोपही गेलेला नाही. फक्त पूर्वी तो शेजारीण करी, आता ती बाई स्वतःच स्वतःवर करते. गंमत म्हणजे, ज्या शहराने स्वतःच्या दुपारच्या झोपेसाठी 'एक ते चार घंटी वाजवू नये' अशा पाट्या लावल्या, त्याला झोपेचे मोल कळत नाही असे कोण म्हणेल? कळत नाही ते एवढेच, की बाळाची झोप ही मोठ्या माणसाच्या झोपेची लहान आवृत्ती नसते. ती मुळातच निराळी वस्तू आहे, आणि ती आपल्या आपण बदलत जाते.

*

याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१० साली इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ते स्थापन केले. राज्ये कशी मिळाली, गेली, कोणत्या मोहिमेत किती घोडा होता, याचे कागद अशा संस्थांनी जिवापाड जपले. पण मराठ्यांच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे, की जिथे सारे राज्यच एका पाळण्याभोवती येऊन उभे राहिले होते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांची पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी रघुनाथरावांविरुद्ध फळी उभारली, गंगाबाईंना पुरंदरावर हलवले, आणि तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. पुढे चाळिसाव्या दिवशी या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. चाळीस दिवसांचा पेशवा! बारभाईंचे कारस्थान म्हणून आपण शाळेत जे शिकलो, त्याचा आधारस्तंभ मान धरायलाही शिकला नव्हता.

आता बालवैद्यक काय सांगते ते पाहा. १९६२ साली अमेरिकेतील डॉ. बेरी ब्रेझेल्टन यांनी ८० घरांतल्या आयांकडून त्यांच्या तान्ह्या मुलांच्या रडण्याची रोजनिशी लिहवून घेतली. निरोगी, पोटभर दूध पिणारी मुलेसुद्धा जन्मानंतर रोज थोडी थोडी जास्त रडू लागतात, हे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात कळसाला पोहोचते, तेव्हा ते दिवसाकाठी पावणेतीन तासांच्या घरात असते, आणि बारा आठवड्यांपर्यंत ते ओसरते, असे त्यांना दिसले. त्यातही संध्याकाळचा वाटा मोठा. सहावा आठवडा म्हणजे बेचाळीस दिवस. याचा अर्थ, पुरंदरावर वस्त्रे आली ती नेमकी बाळे सर्वांत जास्त रडतात त्या दिवसांत. इतिहासाची पुस्तके वस्त्रांची हकीकत सांगतात. त्या रात्री पाळण्याची दोरी कुणी किती वेळ ओढली, ते सांगत नाहीत. दरबारात जो श्रीमंत होता, तो दिवेलागणीला केवळ सहा आठवड्यांचे पोर होता, हे कोणत्या तरी दाईला मात्र पुरेपूर ठाऊक असणार.

*

बायकांनी ही नोंद दुसऱ्या तऱ्हेने ठेवली. तिला आपण अंगाई म्हणतो, ओवी म्हणतो, पाळणा म्हणतो. मराठीत 'पाळणा' हा शब्द लाकडी वस्तूचाही आहे आणि काव्यप्रकाराचाही, यातच पुष्कळ आले. रामाचा पाळणा, कृष्णाचा पाळणा, शिवाजीमहाराजांचा पाळणा. बाराव्या दिवशी बारशाला बाळ पाळण्यात पडायचे आणि गाणे सुरू व्हायचे. एक लय हाताला, तीच लय गळ्याला, आणि तीच बाळाच्या कानाला. घरात पाळणा नसला तर आड्याला लुगड्याची झोळी.

त्याही आधी, पाचवी-सहावीच्या रात्री, सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते अशी समजूत. त्या रात्री घर जागे राही. आणि पुढे कित्येक दिवस, झोपेत बाळ एकाएकी हसले, ओठ मुडपून रडवेले झाले, पापण्यांआड त्याची बुबुळे फिरू लागली, की बायका म्हणत, "सटवाई खेळवतेय त्याला." हसू आले की तिने काही गंमत सांगितली, रडू आले की तिने भिववले. ही समजूत भाबडी खरी. पण तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण अतिशय सूक्ष्म आहे, आणि विज्ञानाने त्याची दखल घ्यायला १९५३ साल उजाडावे लागले. तिथे आपण येऊच.

शास्त्रीपंडितांकडेही बाळाविषयी पुष्कळ होते. चरकसंहितेत बाळाची खोली कशी असावी, खेळणी कशी असावीत हे सांगितले आहे. आणि मूल रडो, न जेवो, तरी त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे बजावले आहे. म्हणजे आपल्या बागुलबुवाला चरकाची संमती नाही! धर्मशास्त्राने चौथ्या महिन्यात निष्क्रमण संस्कार सांगितला: बाळाला घराबाहेर आणून सूर्यदर्शन करवायचे. भारतरत्न काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या संस्काराची साद्यंत चर्चा आहे. चौथा महिना हा बाळाच्या झोपेच्या दृष्टीने मोठा वळणाचा महिना असतो. पूर्वजांना हे ठाऊक होते असे मी म्हणणार नाही; प्रत्येक नव्या शोधाखाली जुनी पोथी सरकवण्याची आपली खोड काही चांगली नाही. पण योगायोग मोठा गोड आहे, एवढे नोंदवून पुढे जातो.

जुने आणि नवे यांचा सांधा जोडू पाहणारी पहिली मराठी बाई म्हणजे आनंदीबाई जोशी. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्यांनी वैद्यक शिकण्याचा ध्यास घेतला, १८८३ साली अमेरिका गाठली आणि १८८६ साली पेनसिल्व्हानियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली. पदवीसाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पाळण्याशेजारी बसून बाळाकडे शास्त्राच्या डोळ्यांनी पाहणारी आणि तरी आईच राहणारी डॉक्टर पुण्याला मिळाली असती, ती अशी हातची गेली.

*

आता या बखरीतले काळे पान.

बाळाला गुटी देण्याची आपली चाल जुनी. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, खारीक, बदाम यांचे मोजके वेढे उगाळायचे. नीज लागावी म्हणून जायफळाचा एखादा वेढा. हा वेढा जास्त झाला तर बाळ सुस्तावते हे जुन्या बायका जाणून होत्या आणि म्हणून मोजमाप हे त्या विद्येचे मर्म होते. (आजचे बालवैद्य पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये असे सांगतात, आणि तेच ऐकावे.) पण गुटीच्या वाटीशेजारी आणखी एक डबी पुष्कळ घरांत असे. ती अफूची.

ब्रिटिश सरकारने १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे पश्चिम हिंदुस्थानातल्या साक्षीदारांनी तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल सांगितली होती. पण या चालीचे खरे उग्र रूप दिसले ते मुंबईच्या गिरणगावात. कोकणातून, घाटावरून पोटासाठी मुंबईला गेलेल्या बायका दिवसाचे दहा दहा तास साच्यावर उभ्या राहत. मूल घरी. कधी म्हाताऱ्या सासूपाशी, कधी सात वर्षांच्या मोठ्या बहिणीपाशी. ते रडले तर पाजायला कोण? मग कामावर जाण्यापूर्वी 'बाळागोळी' चाटवायची. मूल संध्याकाळपर्यंत निपचित. १९२२ साली मुंबई सरकारच्या वतीने पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने नोंदवले, की गिरणी कामगार बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते. शंभरातली दोन काय ती सुटलेली.

अफूने मूल निजते, पण ती नीज नव्हे. भूक मरते, चोखण्याची ताकद जाते, श्वास मंदावतो, मूल वाळत जाते. कधी मात्रा चुकली की ते उठतच नाही. त्या आयांना दोष देण्याआधी पेठेतल्या पांढरपेशांनी, म्हणजे आपणच, दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे, हा केवळ आपल्या दारिद्र्याचा प्रकार नव्हता. इंग्लंडच्या गिरणगावांत 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे अफूमिश्रित सरबत पोरांना पाजीत. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकले जाई. त्यात मॉर्फिन असे, आणि जाहिरातीत हसरी आई व गुटगुटीत बाळ. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९११ साली त्याला बालघातक औषधांच्या यादीत घातले. दुसरी गोष्ट म्हणजे, या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या बाटलीत नव्हतेच. ते होते पाळणाघरात. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात गिरण्यांत पाळणाघरे काढण्याची शिफारस केली. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया जिथे काम करीत तिथे पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली हा आकडा तिसांवर आला. आईला दुपारी मुलाजवळ जाता येऊ लागले, की डबीचे काम संपते. बाळाच्या झोपेचा प्रश्न कधी कधी बाळाचा नसतोच, घड्याळाचा आणि मजुरीचा असतो, हे या काळ्या पानाने शिकवले.

*

घड्याळाचा विषय निघालाच आहे, तर तेही प्रकरण पाहून घेऊ. न्यूझीलंडमधील डॉ. ट्रुबी किंग यांनी १९०७ साली बालसंगोपनाची मोठी संस्था काढली. त्यांचा मंत्र होता नियमितपणा. दूध चार चार तासांनी, रात्री अजिबात नाही. मध्ये मूल रडले तर रडू द्यावे. १९२८ साली जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तर मुलाचे मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका, सकाळी हस्तांदोलन करा असे लिहिले! मुलाशी हस्तांदोलन करणारी आजी सदाशिव पेठेत शोधूनही सापडली नसती. पण साम्राज्याच्या वाटेने हे वारे इकडेही आले. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन निघाले आणि आपल्या मुली ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. १९२४ साली लेडी रीडिंग यांनी देशभर बाळ-सप्ताह सुरू केला. १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले आणि छापील सल्ला वाचण्याची सवय माजघराला लागली. स्वच्छता, उकळलेले पाणी, शिकलेली सुईण या गोष्टींनी अगणित मुले वाचवली, यात वाद नाही. झोपेच्या वेळापत्रकाने मात्र आईच्या माथी आणखी एक परीक्षा आली. पूर्वी शेजारीण नापास करी. आता पुस्तक नापास करू लागले. १९४६ साली डॉ. स्पॉक यांनी आयांना "तुमच्या स्वतःच्या समजुतीवर भरवसा ठेवा" अशा अर्थाचा धीर दिला, तेव्हा पाश्चात्त्य आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

या साऱ्या वादात एक गोष्ट कुणी फारशी केली नव्हती. निजलेल्या बाळाकडे रात्रभर नुसते पाहत बसणे. म्हणजे आयांनी ती केली होती, शास्त्रज्ञांनी नव्हती.

*

शिकागो विद्यापीठात नॅथॅनिएल क्लाइटमन हे झोपेचा अभ्यास करीत. त्यांच्याकडे युजीन अॅसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी आला. त्याला काम मिळाले निजलेल्या तान्ह्या मुलांच्या पापण्यांची हालचाल टिपण्याचे. असे कंटाळवाणे काम क्वचितच कुणाच्या वाट्याला आले असेल. महिनोन्‌महिने पाहिल्यावर त्याला दिसले, की दर तासाच्या झोपेत बाळाचे डोळे सुमारे वीस मिनिटे पूर्ण स्थिर असतात आणि इतर वेळी पापण्यांआड हलत असतात. मग त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला तारा जोडून रात्री काढल्या. १९५३ साली गुरुशिष्यांनी जाहीर केले, की झोप एकसंध नसते; तिच्यात डोळे वेगाने फिरण्याची एक निराळी अवस्था असते, आणि मोठी माणसे स्वप्ने पाहतात ती बहुधा त्याच अवस्थेत.

ही झाली सटवाईची अवस्था! ज्या झोपेत बाळ हसते, ओठ मुडपते, हातपाय झटकते, श्वास अनियमित घेते, ती ही चंचल झोप. १९६६ साली रॉफवार्ग, मुझिओ आणि डिमेंट यांनी दाखवले, की नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशीच असते. मोठ्या माणसाची जेमतेम पाचवा हिस्सा. वाढत्या मेंदूची बांधणी या झोपेत चालते, असा त्यांचा तर्क होता. माजघरातल्या बायकांनी लक्षण अचूक टिपले होते, कारण तेवढे निराळे सांगितले होते.

एवढे कळल्यावर पुढचा उलगडा सोपा आहे, आणि तो प्रत्येक नव्या आईबापांनी ऐकून ठेवावा असा आहे.

जन्मल्यानंतर पहिले काही आठवडे बाळाला दिवस-रात्र हा भेदच नसतो. ते चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट लहान, दूध लवकर पचते, भूक लवकर लागते. म्हणून उठणे हे त्याच्या जगण्याचे साधनच आहे. त्याच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे पन्नास ते साठ मिनिटांचे, आपले दीड तासाचे. आणि ते झोपेत शिरते ते चंचल झोपेच्या दाराने. म्हणूनच कुशीत निजलेले वाटणारे बाळ पाळण्यात ठेवताच टक्क डोळे उघडते. ते खोडकर नसते; अजून दारातच असते. चारदोन मिनिटे थांबून, हात सैल पडल्यावर ठेवले तर ते पुष्कळदा निजून राहते. आजी खालच्या आवाजात "थांब, अजून लागली नाही" म्हणते, ते हेच.

दोन-तीन महिन्यांच्या सुमारास बाळाच्या मेंदूतले दिवस-रात्रीचे घड्याळ चालू होते. अंधार पडला की शरीरात पाझरणारे मेलाटोनिन नावाचे द्रव्य १९५८ साली सापडले; बाळाच्या शरीरात त्याचा चढउतार याच वयात स्थिर होऊ लागतो. इथे उजेडाला महत्त्व येते. २००४ साली इंग्लंडमध्ये केलेल्या एका अभ्यासात, रात्री बरी झोपणाऱ्या मुलांना दुपारचा उजेड जास्त मिळालेला आढळला. आपली बाळंतिणीची अंधारी खोली या दृष्टीने गैरसोयीची. पण सकाळचे तेल-पाणी, कोवळे ऊन आणि तिन्हीसांजेची समई या रोजच्या खुणा मात्र मोलाच्या.

मग येतो चौथा महिना. निष्क्रमणाचा. आतापर्यंत बाळ बऱ्यापैकी रात्र काढू लागलेले असते, आई सुखावलेली असते, आणि एकाएकी ते पुन्हा दर तासा-दोन तासाला उठू लागते. घरात घबराट. दृष्ट काढली जाते, डॉक्टर गाठला जातो. वास्तविक या वेळी बाळाची झोप मोठ्या माणसाच्या झोपेसारखी घडू लागलेली असते. गाढ, हलकी अशा पायऱ्या निराळ्या होतात, झोपेचे दार बदलते, आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ते हलकेच जागे होते. आपणही होतो; पण कूस बदलून परत निजतो आणि सकाळी ते विसरतो. बाळाला ती युक्ती अजून यायची असते. घराची डागडुजी चालू असताना बिऱ्हाडकरूंची जी गैरसोय होते, तीच ही. पुढे आठव्या-नवव्या महिन्यात ते रांगू लागते, उभे राहू पाहते, आई दिसेनाशी झाली की ती कुठेतरी आहे आणि इथे नाही हे त्याला समजू लागते. तेव्हा पुन्हा जागरण. हे समजणे म्हणजे बुद्धीची वाढ. तिची किंमत रात्री तीन वाजता चुकवावी लागते, एवढेच.

"पण शेजारचे निजते की रात्रभर!" हे वाक्य अजरामर आहे. त्याला आकड्यांनीच उत्तर द्यावे. लंडनमध्ये १९५७ साली मूर आणि उको यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तीन महिन्यांपर्यंत शेकडा ७० मुले मध्यरात्रीनंतर निजू लागली होती, आणि शेकडा १० मुलांनी वर्षभरात सलग रात्र कधीच काढली नव्हती. कॅनडात मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०१८ साली दाखवले, की सहा महिन्यांच्या मुलांपैकी शेकडा ३८ मुले सलग सहा तास झोपत नाहीत. वर्षाच्या मुलांतही अशी शेकडा २८ निघाली. मुख्य म्हणजे, झोपणाऱ्या आणि न झोपणाऱ्या मुलांच्या वाढीत त्यांना फरक आढळला नाही. शेजारचे बाळही रात्री जागे होतेच. कदाचित ते हाक मारीत नाही.

आणि तिन्हीसांजेच्या रडण्याचे काय? मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, अंगारा लावून झाला, ओव्याचे पाणी देऊन झाले, आणि तिसऱ्या महिन्यात रडणे थांबले. ते थांबणारच होते. त्या आठवड्यात ज्याचा उपाय चालू असेल, त्याच्या पदरात यश पडले. कितीतरी बुवांची आणि औषधांची कीर्ती या एका योगायोगावर उभी आहे.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगितल्याखेरीज मात्र ही बखर पुरी होत नाही. बाळाला उताणे निजवावे, सपाट आणि घट्ट गादीवर, मऊ उशा-दुलया जवळ न ठेवता. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून या साध्या सांगण्याचा प्रचार झाला आणि झोपेत अकस्मात दगावणाऱ्या मुलांची संख्या निम्म्याहून खाली आली. राईची उशीही मग कपाटातच बरी. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, ते दूध ओढीनासे झाले, निपचित पडू लागले, श्वास अडखळू लागला, तर बखर बाजूला ठेवून डॉक्टरांकडे धाव घ्यावी. रडणाऱ्या बाळापेक्षा न रडणाऱ्या बाळाची काळजी मोठी. गिरणगावाने तो धडा फार महाग विकत घेतला.

*

बाहेर आता उजाडत आले आहे. पणत्यांतले तेल संपत आले आहे, फराळाची ताटे मांडली जात आहेत. आणि बाळ अजून निजलेले आहे. पापण्यांआड बुबुळे फिरतात, ओठांच्या कोपऱ्यात एक हसू उमटते आणि विरते. आजी म्हणते सटवाई, नातसून म्हणते चंचल झोप. दोघी पाळण्यावर वाकून एकाच गोष्टीकडे पाहत आहेत.

वाड्यात एक सोय होती, ती मात्र इमारतीतही करता येईल. मूल रडले की वाडा बोलत असे खरा, पण कधी कधी मध्यरात्री दार वाजे आणि पलीकडची काकू म्हणे, "दे इकडे घटकाभर, तू पड जरा." शास्त्राने आजवर बाळाच्या झोपेवर जे काही शोधले, त्यात आईच्या झोपेसाठी याहून चांगला उपाय सांगितलेला माझ्या वाचनात नाही. तेव्हा आत्याबाईंनी बाळाला उठवण्याऐवजी असे करावे: त्याच्या आईला पहिल्या आंघोळीतून सवलत द्यावी, दार लोटून घ्यावे, आणि त्या दोघांना सूर्य चांगला वर येईपर्यंत निजू द्यावे. नरकासुर काय, दरवर्षी मरतोच आहे.